महाडचा दावा : प्रतिनिधी कोणाचा?

गेल्या वर्षी बी. ए.च्या वर्गात महाडच्या सत्याग्रहावर बोलत होतो. २० मार्च १९२७, चवदार तळे, ओंजळभर पाणी, नंतरची मारहाण, डिसेंबरातले मनुस्मृतिदहन हे सारे सांगून झाले. तळ्याचा खटला हायकोर्टापर्यंत गेला व आपण जिंकलो, एवढे शेवटी एका वाक्यात सांगितले आणि पुस्तक मिटले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, पाणी आपल्याला नाकारलं, डोकी आपली फुटली. मग कोर्टात बाबासाहेब प्रतिवादी कसे? वादी तर आपण असायला पाहिजे होतो."

प्रश्न साधा होता. उत्तर देताना माझी भंबेरी उडाली. इतिहास शिकवणारा मी माणूस. पण दावा कोणी, कोणावर, कोणाच्या वतीने केला होता याचा मी कधी नीट विचारच केला नव्हता. आपण महाड सांगतो ते दोन दिवसांचे. महाडचा दुसरा भाग नऊ वर्षे तीन महिने कोर्टात चालला. या दाव्यात कायद्याचे जे हत्यार वापरले गेले, ते काय होते, ते आपल्यावर कसे चालले आणि आपल्या हाती ते कसे यावे, हे तपासण्यासाठी हा लेख आहे.

१

आधी घटनाक्रम पाहू. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व त्यांच्या मागोमाग हजारोंनी तळ्यावर जाऊन तो अंमलात आणला. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले आणि तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. आपण पुन्हा २५ डिसेंबरला सत्याग्रह जाहीर केला.

स्पृश्यांनी आता लाठीऐवजी कायदा हाती घेतला. १२ डिसेंबर १९२७ रोजी, म्हणजे परिषदेच्या तेरा दिवस आधी, महाडच्या दिवाणी कोर्टात दावा दाखल झाला. वादी होते महाडमधील काही स्पृश्य हिंदू. ते स्वतःपुरते आले नव्हते. महाडच्या सर्व स्पृश्य हिंदूंच्या वतीने आले होते. प्रतिवादी होते डॉ. आंबेडकर, सीताराम नामदेव शिवतरकर आणि महाड भागातील काही कार्यकर्ते. त्यांनाही स्वतःपुरते गोवलेले नव्हते. अस्पृश्य वर्गाचे प्रतिनिधी म्हणून गोवले होते. मागणी अशी की, तळे आमचे आहे, ते वापरण्याचा हक्क एकट्या आमचा आहे, अस्पृश्यांना तो नाही असे कोर्टाने ठरवून द्यावे व त्यांना कायमची मनाई करावी. १४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाईहुकूम दिला.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. कोर्टाची पायरी आधी चढतो तो वादी. अन्याय कोणावर झाला याच्याशी त्या शब्दाचा संबंध नाही. पाणी अडवणारे अन्यायग्रस्ताच्या जागी जाऊन उभे राहिले आणि तहानलेल्यांना आरोपीसारखे जाब द्यायला बोलावले गेले. हक्क मागणाऱ्यालाच कायदा मोडणारा ठरवण्याची ही रीत जुनी आहे.

२

अर्धे उत्तर दाव्याच्या रचनेत आहे. या प्रकाराला प्रातिनिधिक दावा म्हणतात. अमेरिकेत त्याच्या भावंडाला 'क्लास ॲक्शन' हे नाव आहे.

एरवी दिवाणी दावा दोन माणसांमधला असतो. निकाल त्या दोघांना बांधतो, तिसऱ्याला नाही. पण एखादे भांडण हजार माणसांचे असेल तर काय करायचे? हजार दावे ऐकायचे तर कोर्टाला जन्म पुरणार नाही, आणि हजार निकाल हजार तऱ्हांचे लागतील. इंग्लंडच्या चॅन्सरी कोर्टांनी यावर तोड काढली : त्या समूहातल्या एकादोघांनी सर्वांच्या वतीने उभे राहावे, आणि निकाल सर्वांचा मानावा. इंग्रजांबरोबर ही तोड इकडे आली. १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ती कलम ३० मध्ये होती; १९०८ च्या संहितेत ती पहिल्या आदेशाचा आठवा नियम झाली. तो नियम आजही आहे.

त्याचे चार खांब आहेत. पहिला, पुष्कळ माणसांचा हितसंबंध एकच असला पाहिजे. दुसरा, प्रतिनिधी म्हणून उभे राहायला कोर्टाची परवानगी पाहिजे. तिसरा, ज्यांच्या वतीने वा ज्यांच्या विरुद्ध दावा चालणार त्या सर्वांना नोटीस गेली पाहिजे. घरोघर शक्य नसेल तर जाहीर नोटीस. चौथा, जो निकाल लागेल तो हजर-गैरहजर सर्वांना बांधतो. सामाईक हक्कासाठी कोणी प्रामाणिकपणे दावा लढवला, तर त्या हक्कात वाटा असलेला प्रत्येक जण त्या दाव्यात होता असे संहितेचे कलम ११ धरून चालते.

चौथ्या खांबाकडे नीट पाहा. महाडचा दावा आपण हरलो असतो तर तो फक्त बाबासाहेब व शिवतरकर हरले नसते. त्या दिवशी शेतात राबणारा, कोर्टाचे नावही न ऐकलेला माणूस हरला असता. त्याचा अजून न जन्मलेला मुलगा पुढे तळ्यावर गेला असता, तर 'तुझा हक्क १९२७ च्या दाव्यात बुडाला' असे त्याला ऐकावे लागले असते. शेकडो वर्षांची रूढी तोवर निव्वळ रूढी होती; तिला हुकूमनाम्याचा शिक्का मिळाला असता. वाद्यांचा डाव एका सत्याग्रहापुरता नव्हता. आपल्या पुढच्या पिढ्याही त्याच दाव्यात बांधल्या जाणार होत्या.

तिसऱ्या खांबाविषयी मला एक घरची गोष्ट आठवते. मी आठवीत होतो. आमची वस्ती गायरानावर आहे. त्या जमिनीच्या कुठल्याशा दाव्याची नोटीस चावडीच्या भिंतीवर डकवली होती. वडील रोज त्या भिंतीसमोरून मजुरीला जात. त्यांना वाचता येत नव्हते, आणि ज्यांना येत होते त्यांनी सांगितले नाही. मी वाचले तेव्हा तारीख उलटून गेली होती. वाचूनही मला त्यातले 'हितसंबंधी इसम' म्हणजे आपण, हे कळले नव्हते. कायद्याच्या दृष्टीने आम्हाला नोटीस पोचली होती. पुढे पाच-सहा वर्षे वस्तीने त्या कागदाची किंमत मोजली. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो : भिंतीवरचा कागद वाचा, आणि वाचून शेजाऱ्याला सांगा. तो आपल्या नावाचा नसला तरी आपल्यावर असू शकतो.

३

२५ डिसेंबरला लोक महाडला जमले ते पाणी घ्यायच्या निश्चयाने. समोर मनाईहुकूम होता. लोक तो मोडायला तयार होते. बराच खल झाला आणि अखेर बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. मिरवणूक निघाली, पाण्याला हात लागला नाही. ही माघार होती काय? आजही आपले काही तरुण कार्यकर्ते तशी टीका करतात. माझे मत वेगळे आहे. हुकूम मोडला असता तर भांडण स्पृश्य-अस्पृश्यांचे न राहता अस्पृश्य व सरकार यांचे झाले असते. स्पृश्यांना तेच हवे होते. दुसरे असे, की ज्याला प्रतिनिधी म्हणून बांधले आहे त्याच्या वर्तनाची किंमत सर्व समूह मोजतो. बाबासाहेबांनी ती जोखीम ओळखली आणि लढाई वाद्यांनी निवडलेल्या मैदानात नेली.

फेब्रुवारी १९२८ मध्ये तात्पुरती मनाई उठली. दावा मात्र चालूच राहिला. ८ जून १९३१ रोजी महाडच्या कोर्टाने तो फेटाळला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट जुनी आहे हे त्या कोर्टाने मान्य केले. पण एकाने वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्यावरून पहिल्याला दुसऱ्याविरुद्ध कायदेशीर हक्क मिळत नाही, असे म्हटले. वादी ठाण्याला अपिलात गेले. ३० जानेवारी १९३३ रोजी तेथेही हरले. ती वहिवाट अनादि काळापासूनची आहे हेच सिद्ध झालेले नाही, असे ठाण्याच्या न्यायाधीशांनी ठरवले. मग हायकोर्ट. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती एन. जे. वाडिया यांनी अपील फेटाळले. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना शिक्षा देणारे न्यायाधीश.

हायकोर्टात तळ्याच्या मालकीचा मुद्दा उरलाच नव्हता. तळे नगरपालिकेचे हे ठरून गेले होते. प्रश्न राहिला वहिवाटीचा. न्यायमूर्तींचे म्हणणे थोडक्यात असे : तळ्याभोवती स्पृश्यांची घरे, अशा जागी पूर्वी अस्पृश्य जाण्याचा प्रसंगच कमी. ते गेले आणि त्यांना अडवले, असे झाल्याचा पुरावा नाही. न जाणे म्हणजे जाण्याचा हक्क नसणे नव्हे. जी भीती आपल्या पूर्वजांना तळ्यापासून दूर ठेवत होती, तिचीच कायद्याने वाद्यांच्या विरुद्ध मोजणी केली.

पण येथे टाळ्या वाजवून थांबू नये. अशी वहिवाट सिद्ध झाली असती तर ती अन्याय्य किंवा लोकहिताविरुद्ध म्हणून रद्द ठरली असती काय? या प्रश्नात हायकोर्ट शिरले नाही. गरज पडली नाही. म्हणजे आपण जिंकलो ते पुराव्याच्या उणिवेवर. माणसाला पाण्यापासून तोडणारी रूढी मुळातच बेकायदा आहे, हे त्या निकालात नाही. ते लिहायला १९५० साल उजाडावे लागले; सतरावे कलम आणि पंधराव्या कलमाचा दुसरा भाग लिहावा लागला. त्या दाव्यातले पहिले प्रतिवादीच घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, हा योगायोग समजू नये.

४

या दाव्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. १९३१ च्या शरदात लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत गांधीजींनी सांगितले की, अस्पृश्यांच्या विशाल समूहाचा प्रतिनिधी मी स्वतः आहे. अस्पृश्यांचा प्रतिनिधी कोण, या एका प्रश्नावर पुढचे वर्ष पेटले आणि सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करार झाला. या सर्व काळात महाडचा दावा अपिलात जिवंत होता. आणि त्या दाव्याच्या पहिल्या कागदावर, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडच्या स्पृश्य हिंदूंनी स्वतःच अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून कोणाचे नाव घातले होते? डॉ. आंबेडकरांचे. अस्पृश्यांना बांधायचे होते तेव्हा त्यांना खरा प्रतिनिधी बरोबर सापडला. अस्पृश्यांना वाटा द्यायचा झाला तेव्हा प्रतिनिधी कोण याबद्दल शंका उत्पन्न झाल्या! कोर्टातले प्रतिनिधित्व आणि राजकारणातले प्रतिनिधित्व एक नव्हे, हे मला कळते. पण दोन्हीकडे विचारायचा प्रश्न एकच आहे : ज्यांच्या नावाने तुम्ही बोलता, त्यांचे हित आणि तुमचे हित एक आहे काय?

प्रतिवादींत महार होते, तसे चांभारही होते. वाद्यांना सर्व अस्पृश्य बांधायचे होते, म्हणून त्यांनी जातीजातींतले अंतर बाजूला ठेवले आणि आपला एक वर्ग मानला. दूर ठेवण्यासाठी का होईना, त्यांना आपण एक दिसलो. आपण मात्र आजही एकमेकांना एक दिसत नाही. या ठिकाणी वाद्यांकडून शिकण्यासारखे आहे, हे कबूल करायला लाज वाटू नये.

५

हित एक आहे काय, हा प्रश्न अमेरिकेतल्या काळ्या माणसांनीही कोर्टात विचारला. दलित साहित्याने त्यांच्याशी नाते फार पूर्वीच सांगितले आहे. म्हणून त्यांच्या एका दाव्याकडे पाहू. ज्या १९३७ साली मुंबईत आपला निकाल लागला, त्याच साली शिकागोत कार्ल हॅन्सबेरी या काळ्या गृहस्थाने एका वस्तीत घर घेतले. त्या वस्तीतल्या गोऱ्या घरमालकांचा आपसांत लेखी करार होता की काळ्यांना घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही. रस्त्याकडील दर्शनी जागेपैकी ९५ टक्के जागेच्या मालकांनी सह्या केल्या तरच तो करार लागू होणार होता. प्रत्यक्षात सह्या होत्या सुमारे ५४ टक्क्यांच्या.

हॅन्सबेरींनी हा मुद्दा मांडला. त्यावर इलिनॉय राज्याच्या कोर्टांनी सांगितले की, मागे एक प्रातिनिधिक दावा होऊन गेला आहे. त्यात ९५ टक्के सह्या झाल्याचे उभय पक्षांनी मान्य केले होते. तो निकाल सर्व घरमालकांना बांधतो. आता तो उकरता येणार नाही. ज्या दाव्यात हॅन्सबेरी नव्हते, ज्याची त्यांना खबर नव्हती, त्या दाव्याने त्यांचे घर जात होते. चावडीवरच्या कागदाचीच ही अमेरिकन आवृत्ती!

१२ नोव्हेंबर १९४० रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हा निकाल फिरवला. करार राबवू पाहणारे आणि करार मोडू पाहणारे एकाच वर्गाचे असू शकत नाहीत. पहिल्यांनी दुसऱ्यांचे प्रतिनिधित्व केले असे मानणे हा न्याय नव्हे, असे कोर्टाने ठरवले. करार स्वतः न्याय्य की अन्याय्य, यात मात्र ते कोर्टही शिरले नाही. असे करार कोर्टांनी राबवू नयेत, हे ठरायला १९४८ साल यावे लागले. महाडसारखीच ही गोष्ट : माणूस वाचला, तत्त्व मागाहून आले. या हॅन्सबेरींची मुलगी लॉरेन पुढे नाटककार झाली. काळ्या कुटुंबाने गोऱ्या वस्तीत घर घेण्याचा विषय तिच्या नाटकाने १९५९ मध्ये ब्रॉडवेवर नेला.

त्या निकालाचे सार पुढे अमेरिकेच्या नियमात उतरले. १९६६ पासूनच्या तेविसाव्या नियमानुसार क्लास ॲक्शन चालवायचे तर चार गोष्टी दाखवाव्या लागतात : माणसे पुष्कळ आहेत; प्रश्न सामाईक आहे; प्रतिनिधीची तक्रार इतरांसारखीच आहे; आणि तो सर्वांचे हित नीट सांभाळील. नुकसानभरपाईच्या दाव्यात सामान्यतः प्रत्येकाला बाहेर पडण्याचा हक्क असतो. तडजोड कोर्टाने तपासल्याशिवाय होत नाही. शाळांतील वर्णभेद मोडणारा १९५४ चा ब्राऊन खटलाही प्रातिनिधिकच होता. काही पालकांनी आपल्या मुलांसाठी आणि तशा सर्व मुलांसाठी तो लढवला. तेथे हे हत्यार आपल्यासारख्यांच्या हाती होते. तरी १९५५ च्या हुकुमात अंमलबजावणीला मुदत घातली गेली नाही, आणि वर्षे गेली. कोर्टातला विजय रस्त्यावर नेणारी माणसे लागतात, हे तेथेही खरे ठरले.

६

प्रतिनिधी स्वतः नेमलेला नसेल तर काय होते, हे भोपाळने दाखवले. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीच्या वायुकांडानंतर १९८५ मध्ये कायदा झाला, आणि सर्व पीडितांच्या वतीने दावा लढवण्याचा एकमेव अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. हेतू बरा म्हणता येईल. एकटा गरीब माणूस परदेशी कंपनीशी काय लढणार? पण ३३० कोटी डॉलरचा दावा फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर मिटला, तो पीडितांना न विचारता. आधी त्यांचे म्हणणे ऐकायला हवे होते, असे त्याच वर्षी डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने मान्य केले. पण तडजोड टिकली. १९९१ मध्ये फेरविचारातही ती रक्कम कायम राहिली. २०२३ मध्ये वाढीव भरपाईचा शेवटचा अर्जही फेटाळला गेला.

गंमत अशी, की आपल्या दिवाणी संहितेने हा धोका १९७६ च्या दुरुस्तीतच ओळखला होता. प्रातिनिधिक दावा सोडायचा, काढून घ्यायचा किंवा मिटवायचा तर सर्व संबंधितांना नोटीस द्यावी लागते. प्रतिनिधी आळस करत असेल तर कोर्ट त्याच्या जागी दुसरा नेमू शकते. ही तरतूद आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? गायरानाचे दावे, धरणग्रस्तांचे दावे, सफाई कामगारांचे दावे आज चालू आहेत. त्यांपैकी कितींत दावा लढवणारा वस्तीत येऊन 'तडजोडीचे असे असे बोलणे आहे, तुमचे काय मत' असे विचारतो?

म्हणून माझे सांगणे एवढेच. कोणी आपल्या वतीने कोर्टात उभा राहिला की हार घालण्याआधी त्याला पाच प्रश्न विचारावेत. तुला कोणी नेमले? तुझे आणि आमचे हित एक आहे काय? नोटीस आमच्या भाषेत, आमच्या वस्तीत आली काय? तडजोड कोणाला विचारून करशील? आणि हरलास तर कोण कोण बांधले जाईल? तो वकील असो, संस्था असो, आपल्याच जातीचा पुढारी असो, प्रश्न हेच. महाडच्या प्रतिवादींनी त्यांची उत्तरे नऊ वर्षांच्या वागणुकीतून दिली. त्यांनी ना दावा वाऱ्यावर सोडला, ना परस्पर मिटवला.

त्या विद्यार्थिनीला मी पुढच्या तासाला हे सारे सांगितले. तिने वहीत लिहून घेतले आणि विचारले, "मग सर, आता आपण वादी कधी होणार?" या प्रश्नाचे उत्तर मी तिच्यावरच सोपवले आहे. ती यंदा कायद्याच्या प्रवेशपरीक्षेला बसते आहे.